कारागृहशिक्षण, भारतातील

कारागृहात अटकेत असलेल्या व्यक्तींना दिले जाणारे अक्षरशिक्षण, शालेय व उच्च शिक्षण आणि उपजीविकेस उपयोगी पडणाऱ्या व्यवसायांचे प्रशिक्षण यांचा समावेश कारागृहशिक्षण या संज्ञेत होतो. शिक्षा भोगत असलेले सिद्धदोष बंदी, न्यायचौकशी चालू असलेले न्यायाधीन बंदी (बोलीभाषेत ‘कच्चे कैदी’) आणि तरुण अपराधी अशा सर्वांचा त्यात अंतर्भाव करतात. कारागृहातील श्रम व कारागृहातील प्रशिक्षण या गोष्टी व्यवहारात एकमेकींत मिसळलेल्या आढळत असल्या, तरी त्या भिन्न आहेत. सक्तमजुरी हा शिक्षेचा भाग असून तिची मुदत न्यायालय ठरविते. प्रशिक्षणाची कसोटी मात्र बंदी सुटून गेल्यावर, तुरुंगाच्या भिंतीबाहेर लागते. हातमागावर बसलेला बंदी शिक्षा भोगत आहे, सरकारी तिजोरीत भर घालीत आहे, की धंदा शिकत आहे, हा प्रश्न भारतीय कारागृहांच्या इतिहासात पुन्हापुन्हा उद्‌भवला आणि बहुतेक वेळा त्याचा निकाल बंद्याच्या हिताकडे पाहून लागला नाही.

यूरोपात लंडनचे ब्राइडवेल (१५५५) व ॲम्स्टरडॅमचे कामगृह (१५९६) यांपासून अपराध्यांना कामास लावण्याची प्रथा रूढ झाली. १८१७ मध्ये एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) हिने लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रिया व त्यांची मुले यांच्यासाठी शाळा व शिवणकामाची व्यवस्था केली. जवळजवळ त्याच सुमारास (१८१८) विल्यम क्युबिट या अभियंत्याने पायचक्र तयार केले. त्यावर कैद्यांनी तासन्‌तास पायऱ्या चढण्याची क्रिया करावयाची आणि पुष्कळदा त्यातून काहीच निष्पन्न व्हावयाचे नाही, अशी ती योजना होती. शाळा व पायचक्र यांमागील दोन्ही विचार कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात आले. त्यांपैकी पायचक्रामागील विचार येथे आधी रुजला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील बहुसंख्य कैदी बेड्यांसह रस्त्यांच्या कामावर राबत. मेकॉलेच्या सूचनेवरून १८३६ मध्ये नेमण्यात आलेल्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ साली अहवाल सादर केला. रस्त्यांवरील कामे बंद करावीत, एक वर्षाहून अधिक शिक्षेच्या कैद्यांसाठी मध्यवर्ती तुरुंग बांधावेत आणि त्यांना भिंतीआड नीरस, एकसुरी व कंटाळवाणे काम द्यावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. धार्मिक व नैतिक उपदेश, शिक्षण, सद्वर्तनाबद्दल बक्षीस इ. सर्व सुधारक उपाय समितीने विचारपूर्वक नाकारले. चक्की पिसणे, काथ्या कुटणे, घाणा ओढणे ही कामे तुरुंगाचे प्रतीक म्हणून मराठी भाषेत रूढ झाली, त्यामागे याच विचारसरणीची परंपरा आहे.

याच काळात सरकारी धोरणाशी विसंगत असे प्रयोग आडबाजूला होत होते. ठगांच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या विल्यम स्लीमनच्या देखरेखीखाली जबलपूर येथे माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची मुले यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू व गालिचे तयार होत. समुद्रापार सिंगापूर येथे तर हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठविलेल्या कैद्यांकडून वीटकाम, गवंडीकाम, सुतारकाम व लोहारकाम पद्धतशीर करवून घेतले जाई. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल (१८५६–६१) आणि गव्हर्नरचा प्रासाद (१८६७–६९) या वास्तू त्यांच्या हातून उभ्या राहिल्या. जुन्या कैद्यांनाच नव्या कैद्यांवर देखरेखीस नेमण्याची पद्धत तेथे होती. मुक्ततेनंतर त्यांतील कित्येक जण कारागीर म्हणून तेथेच स्थायिक झाले. हद्दपारीची शिक्षा भोगणाऱ्यांना जो धंदा मिळाला, तो मायदेशातील तुरुंगात राहिलेल्यांना त्या काळी क्वचितच मिळाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याउलट, पूर्वेकडील वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात असत. ते बटाटे व इतर भाजीपाला पिकवीत आणि वेताचे काम करीत. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. ‘चायनामन्स फॉल’ या धबधब्याच्या नावात त्यांच्या मळ्यांची आठवण टिकून आहे.

अक्षरशिक्षणाचा पहिला मोठा प्रयत्न १८५० नंतरच्या दशकात वायव्य प्रांतात झाला. लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स टॉमसनच्या कारकीर्दीत त्या प्रांतात देशी भाषांतील ग्रामशाळांची योजना आकारास येत होती. तिचीच छाया तुरुंगांवर पडली. आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगात दिवसाचे काम आटोपल्यावर कैद्यांना वाचन, लेखन व हिशेब शिकविण्यात येऊ लागले. स्वतंत्र शिक्षकांची वाण असल्याने साक्षर कैद्यांकडूनच इतरांना शिकविण्यात येई. ही पद्धत स्वस्त तर होतीच, शिवाय शिकविणाऱ्या कैद्यास तीमुळे काही एक प्रतिष्ठाही लाभे. १८५७ च्या उठावात त्या प्रांतातील अनेक तुरुंग फोडण्यात आले, कैदी पांगले आणि प्रयोगाची घडी विसकटली. उठावानंतरच्या प्रशासनात शिक्षणापेक्षा बंदोबस्ताला महत्त्व आले.

उद्योगाच्या बाजूने मात्र बंगालमध्ये भक्कम समर्थन झाले. तेथील तुरुंगांचा महानिरीक्षक फ्रेडरिक जॉन मूअट (१८१६–९७) हा मुळात वैद्य. बंगालच्या शिक्षण मंडळाचा सचिव असताना त्याने कलकत्ता विद्यापीठाची योजना मांडली होती. शिक्षणक्षेत्रातून तुरुंगखात्यात आलेल्या या अधिकाऱ्याने तुरुंगांचे उद्योगशाळांत रूपांतर करावे, असा आग्रह १८५५ ते १८७० या काळात सातत्याने धरला. अलीपूरच्या तुरुंगात त्याने मुद्रणालय चालविले. तागाचे विणकाम व इतर उद्योगांसही त्याने उत्तेजन दिले. निरर्थक श्रमांनी माणूस आळशी व कडवट होतो, उत्पादक श्रमांनी त्याला सवय व कसब लाभते, असे त्याचे प्रतिपादन होते. परंतु आपले म्हणणे सरकारच्या गळी उतरविण्यासाठी त्याला नफ्याचे आकडे पुढे करावे लागत. तुरुंगाने आपला खर्च आपणच भागवावा, हा मुद्दा वरिष्ठांना चटकन पटला आणि कैद्याला धंदा यावा, हा मूळ मुद्दा मागे पडला. पुढील शंभर वर्षे तुरुंग-उद्योगांच्या अहवालांत उत्पन्नाचे रकाने तपशीलवार भरलेले दिसतात. सुटलेल्या कैद्यांपैकी किती जणांनी तो धंदा केला, याचा रकाना सहसा नसतो.

याचे ठळक उदाहरण गालिच्यांचे आहे. आग्रा, लाहोर, येरवडा इ. तुरुंगांतील गालिचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनांतून व यूरोपच्या बाजारपेठेत गाजले. इंग्लंडमधील विंझर राजवाड्याच्या वॉटर्लू दालनातील प्रचंड अखंड गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला आहे. येरवड्याचा तुरुंग १८७१ मध्ये स्थापन झाला. तेथील विणकरांनी विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांच्या प्रतिकृती तयार केल्या. या उद्योगाचा सर्वांत कठोर टीकाकार सर जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७) हा होय. बेळगावात जन्मलेला हा कलासमीक्षक मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीशी निगडित होता. तुरुंगातील स्वस्त मजुरीमुळे बाहेरील परंपरागत विणकर देशोधडीस लागतो आणि यूरोपीय मागणीनुसार काढलेल्या ढोबळ नक्ष्यांमुळे कलेचीही हानी होते, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेपाचा पहिला भाग आर्थिक दृष्ट्या खरा होता. त्याची दुसरी बाजू बर्डवुडने विचारात घेतली नाही. जो धंदा तुरुंगाने बाहेर मोडकळीस आणला, तोच आत वर्षानुवर्षे शिकलेला कैदी सुटल्यावर कोणाकडे काम मागणार होता? माग, लोकर व रंग यांसाठी भांडवल लागे आणि शिक्षा भोगून आलेल्याला सावकार ते देत नसे.

१८६४, १८७७ व १८८८-८९ या वर्षांतील समित्या व परिषदा मुख्यतः आरोग्य, जागा, आहार व शिस्त यांतच गुंतलेल्या होत्या. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने सक्तमजुरीच्या कैद्यास, आणीबाणीचा प्रसंग वगळता, दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम देऊ नये, असे बंधन घातले. कैद्यांना शिकविण्याविषयी या अधिनियमात नियम करण्याच्या अधिकारांच्या लांबलचक यादीत एका शब्दाचा उल्लेख आहे. तो अधिनियम स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. म्हणूनच शिक्षणाची तरतूद कायद्याऐवजी प्रांतोप्रांतीच्या तुरुंग-नियमपुस्तिकांवर व त्या त्या अधीक्षकाच्या वृत्तीवर अवलंबून राहिली.

या नियमपुस्तिकांनी आणखी एक गोष्ट टिकवून धरली, ती म्हणजे जातवार कामवाटप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सामाईक भोजनाची सक्ती व धातूचे लोटे काढून घेणे यांवरून बिहारमधील तुरुंगांत दंगे झाले. त्यानंतर प्रशासनाने जातीला हात न लावण्याचे धोरण पत्करले. परिणामतः स्वयंपाकाचे काम उच्च मानलेल्या जातींकडे व मैला-सफाईचे काम ‘ते काम करण्याची सवय असलेल्या’ जातींकडे, अशी विभागणी अनेक प्रांतांच्या नियमांत लेखी स्वरूपात शिरली. प्रशिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या कैद्याला नव्या धंद्याची सर्वाधिक गरज होती, त्याच्या हाती तुरुंगानेही झाडूच दिला.

बालअपराध्यांच्या बाबतीत विचार लवकर बदलला. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानंतर मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारशाळा सुरू झाली. १८७६ व १८९७ च्या सुधारशाळा अधिनियमांनी अशा शाळांना कायद्याचे अधिष्ठान दिले. इंग्लंडमधील बोर्स्टलच्या धर्तीवर किशोर अपराध्यांसाठी स्वतंत्र शाळांचे कायदे मद्रास (१९२६), बंगाल (१९२८) व मुंबई (१९२९) या प्रांतांनी केले. पुढे मुंबई प्रांतात धारवाड व नंतर कोल्हापूर येथील बोर्स्टल शाळांत शालेय शिक्षण व धंदेशिक्षण यांची सांगड घालण्यात आली. गुन्हेगार जमातींच्या अधिनियमाखाली सोलापूर व अन्यत्र तारेच्या कुंपणात वसविलेल्या वसाहतींतही गिरणीकाम व शाळा यांची सोय होती. तथापि त्यांतील लोकांना कोणत्याही न्यायालयाने वैयक्तिक रीत्या दोषी ठरविलेले नव्हते. त्यामुळे सुधारणेच्या नावाखाली चाललेल्या त्या सक्तीची गणना कारागृहशिक्षणात करणे उचित ठरणार नाही. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला.

अलेक्झांडर कार्ड्यू याच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समितीने (१९१९-२०) इंग्लंड, अमेरिका, जपान, फिलिपीन्स इ. देशांतील तुरुंग पाहून बंद्याची सुधारणा हे शिक्षेचे उद्दिष्ट म्हणून प्रथमच स्पष्टपणे मान्य केले. १८३८ च्या समितीच्या भूमिकेवर तिने नापसंती नोंदविली. परंतु त्याच सुमारास तुरुंग हा विषय प्रांतांकडे सोपविण्यात आला. प्रांतांपाशी पैसा नव्हता आणि असहकाराच्या चळवळीमुळे तुरुंग अचानक भरून गेले.

राजबंद्यांच्या आगमनाने अनपेक्षितपणे एक निराळीच शाळा सुरू झाली. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये कोलू ओढणाऱ्या वि. दा. सावरकरांनी सहबंद्यांना लिहा-वाचावयास शिकविण्याचा व ग्रंथसंग्रह उभारण्याचा उद्योग केला. त्याचा वृत्तांत त्यांच्या माझी जन्मठेप (१९२७) या आत्मवृत्तात आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. येरवड्यात महात्मा गांधींच्या सूतकताईतून पेटीत मावणारा ‘येरवडा चरखा’ प्रचारात आला. मात्र राजबंद्यांचा वर्ग व सामान्य गुन्ह्यांतील कैदी यांच्या वागणुकीत मोठे अंतर असे. पुस्तके, कागद व दिवा यांची सवलत पहिल्या वर्गाला मिळे, दुसऱ्याला क्वचितच मिळे. या काळात तुरुंगात मराठी वाङ्‌मय समृद्ध झाले, तुरुंगातील निरक्षरता मात्र फारशी हटली नाही.

संस्थानी मुलखातील एक प्रयोग येथे नमूद केला पाहिजे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ (सध्याचा सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तेथे कुटुंबासह राहून शेती करता येई. भिंत वा बेडी नव्हती. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि संस्थानच्या कारभारात सहभागी असलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा या कल्पनेस पाठिंबा होता. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी काढलेल्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत होय. कैद्याला त्याच्याच ओळखीचा धंदा, म्हणजे शेती, नव्या नात्याने करू देणे हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते. गालिच्याच्या कारखान्यात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात संयुक्त राष्ट्रांचे तज्ञ वॉल्टर रेकलेस यांनी १९५१-५२ मध्ये भारतीय तुरुंगांची पाहणी केली. उत्तर प्रदेशात संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने धरणांच्या कामांवर खुली शिबिरे निघाली. महाराष्ट्रात पुढे येरवडा, पैठण इ. ठिकाणी खुली कारागृहे झाली. १९५५ च्या संयुक्त राष्ट्रीय किमान नियमांनी व त्यांची सुधारित आवृत्ती असलेल्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नी निरक्षर व तरुण बंद्यांचे शिक्षण सक्तीचे मानले. बंद्यांचे हित व त्यांचे व्यवसाय-प्रशिक्षण आर्थिक नफ्याच्या अधीन असता कामा नये, असे एक कलम या नियमांत आहे. मूअटच्या काळापासून चालत आलेल्या घोटाळ्यावर या कलमाने नेमके बोट ठेवले. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय समिती (१९८०–८३) आणि स्त्रीबंद्यांविषयीची न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर समिती (१९८७) यांनी शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या असल्याचे दाखवून दिले. स्त्रियांचे प्रशिक्षण शिवण-टिपण व भरतकाम यांच्या पलीकडे सहसा जात नव्हते.

मजुरीचा प्रश्न न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातसंबंधीच्या निकालात सक्तमजुरी घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाविरुद्ध नसल्याचे सांगितले. त्याचबरोबर बंद्यांना न्याय्य वेतन दिले पाहिजे आणि त्यातील काही भाग अपराधास बळी पडलेल्यांसाठी राखून ठेवता येईल, असा निर्णय दिला. येरवडा कारागृहात १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने बंद्यांच्या या कमाईच्या आधारावर त्यांच्या कुटुंबासाठी कर्ज देण्याची ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. तुरुंगातील कसबाला बाजारात पत आहे, असे एका बँकेने मानल्याचे हे विरळा उदाहरण होय. सुतारकाम, हातमाग, शिवणकाम, लोहारकाम, बेकरी व मुद्रण हे महाराष्ट्रातील कारागृह-उद्योगांचे नेहमीचे विभाग आहेत. नाशिक रोड कारागृहातील बंद्यांनी घडविलेल्या गणेशमूर्तींनाही अलीकडे मागणी आलेली दिसते.

औपचारिक शिक्षणाला मुक्त विद्यापीठांमुळे चालना मिळाली. दिल्लीच्या तिहार कारागृहात किरण बेदी या महानिरीक्षक असताना (१९९३–९५) साक्षर बंद्यांनी निरक्षरांना शिकविण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर अंमलात आली. सुमारे १४० वर्षांपूर्वी आग्र्यात रूढ झालेली कल्पना ती हीच. १९९४ मध्ये तेथे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र निघाले. महाराष्ट्रातील काही मध्यवर्ती कारागृहांत हे विद्यापीठ व यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांची केंद्रे आहेत. या शिक्षणाचा एक साधा पण महत्त्वाचा लाभ असा, की प्रमाणपत्र इतर कोणत्याही विद्यार्थ्याला मिळते तसेच असते. कारागृहाच्या शिक्क्याचा दाखला नोकरीच्या दारात दाखविण्याची पाळी बंद्यावर येत नाही.

जातवार कामवाटपाच्या नियमांचा शेवट फार उशिरा झाला. एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निरनिराळ्या राज्यांच्या नियमपुस्तिकांतील असे नियम घटनाबाह्य ठरविले, कारागृहाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि नियमपुस्तिकांत तीन महिन्यांच्या आत दुरुस्ती करण्याचा आदेश दिला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ इतकी होती. बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. एकूण बंद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश निरक्षर वा दहावीपर्यंतही न शिकलेले होते. उद्योगशाळेतील काम व त्याबरोबर मिळणारे प्रशिक्षण मुख्यतः सिद्धदोष बंद्यांसाठी आखलेले असते. न्यायाधीन बंद्यावर कामाची सक्ती नसते. जामीन, तारीख किंवा दुसऱ्या कारागृहात बदली यांपैकी त्याच्या वाट्याला काय केव्हा येईल, याचा नेम नसल्याने त्याला सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातही सहसा घेतले जात नाही. त्यांतील अनेक जण अशा अभ्यासक्रमाच्या मुदतीहून किती तरी अधिक काळ बराकीत बसून काढतात.